रंग उडाला म्हणजे पाणी साफ झालं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, काचेच्या पट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या ऑक्साइडचा पातळ थर (फिल्म) दिला की उन्हात तो पाण्यातला रंग तोडतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचं पाणी नुसतं उन्हात ठेवलं तरी फिकं पडतं, मग फिल्मचं एवढं कौतुक कशाला, आणि काचेच्या चार पट्ट्यांनी वाळूज एमआयडीसीचं सांडपाणी काय साफ होणार.

पहिला मुद्दा तुम्ही एकदम नेमका धरलात. म्हणून तर एक भांडं फिल्मशिवाय उन्हात आणि एक फिल्मसकट अंधारात ठेवावंच लागतं, कारण रंग फिल्मला नुसता चिकटला तरी पाणी फिकं दिसतं. या दोन्हींपेक्षा जेवढा जास्त फरक पडला तेवढंच फिल्मचं काम. आणि तेवढ्यावरही थांबायचं नाही! अ‍ॅझो रंगाचा (कापडाच्या रंगांतला हा मोठा गट) नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की रंग जातो पण बेंझिनचे तुकडे पाण्यातच राहू शकतात, म्हणून सीओडी (पाण्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) किंवा टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) खाली आला का ते बघितल्याशिवाय मी तरी पाणी साफ झालं म्हणणार नाही.

आता ऊन. टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, म्हणजे उन्हातला जेमतेम ४-५ टक्के भाग, बाकी ऊन वाया. टंगस्टन ऑक्साइड जांभळा-निळा प्रकाशही घेतं, म्हणून ते मोहात पाडतं, पण सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पाण्यात सोडा अ‍ॅश असतो आणि तसल्या अल्कधर्मी पाण्यात ते विरघळायला लागतं. म्हणजे आधी पाण्याचा पीएच बघायचा आणि मग फिल्म निवडायची.

दुसऱ्या मुद्द्याचं म्हणाल तर अख्ख्या एमआयडीसीचं पाणी फिल्मवर सोडा असं मी म्हणतच नाही. गडद पाण्यात प्रकाशच आत शिरत नाही, त्यामुळे फिल्मची जागा शेवटी, जिवाणूंची टाकी झाल्यावर, जो थोडा रंग हटत नाही त्यासाठी. त्याच ऑक्साइडची पावडर पाण्यात टाकली तर जास्त वेगानं काम करते हे खरंय, पण इतकी बारीक पावडर पाण्यातून परत काढायची कशी? फिल्म उचलली, धुतली, परत लावली. पैठणीचं रेशीम रंगवणाऱ्या छोट्या युनिटला मोठा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) परवडत नाही, तिथं मला हे खरंच महत्त्वाचं वाटतं, आणि ऊन तर आपल्याकडं भरपूर आहे.

अडचण आहे ती आपल्या पाण्याची. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट आणि रंगाईच्या मिठातले क्लोराइड, फिल्मवर उन्हात तयार होणारे आणि रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल आधीच खाऊन टाकतात, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरमधले सुंदर ग्राफ इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तुम्ही वाळूजलाच काम करता म्हणालात ना, तर ईटीपीच्या शेवटच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच, क्लोराइड आणि सीओडी कळवाल का? पुढची चाचणी तसल्याच पाण्यावर घेऊ.