ट्रकांची जोखीम वाटून घेतली, माणसांची का नाही?

नेदरलँड्समधल्या आरोग्य विमा कंपन्या दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुढच्या वर्षाचा प्रीमियम जाहीर करतात आणि ३१ डिसेंबरपर्यंत कुणालाही जुनी कंपनी सोडता येते. गेल्या डिसेंबरात मी सोडली. मला नऊ वर्षांपासून संधिवात आहे. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागतं आणि त्याचा वर्षाचा खर्च माझ्या प्रीमियमच्या कित्येक पट आहे. नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिक क्रमांक आणि बँक खातं एवढंच विचारलं होतं. आजाराबद्दल एक ओळही नव्हती. हातातला चहा गार व्हायच्या आत काम झालं.

त्याच आठवड्यात सांगलीहून दादाचा फोन आला. आई ६८ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. तिच्या मेडिक्लेमचा प्रीमियम वाढतच चाललाय आणि क्लेमच्या वेळी होणारी दमछाक वेगळीच, म्हणून दादाने पॉलिसी दुसरीकडे पोर्ट करायचा अर्ज केला होता. फॉर्मवर आजारांची भलीमोठी यादी, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मग जुने रिपोर्ट, मग कंपनीने सांगितलेल्या लॅबमध्ये तपासण्या. शेवटी दोन ओळींचा मेल आला, की प्रस्ताव स्वीकारता येत नाही.

आरोग्य विमा पोर्ट करायची सोय आपल्याकडे २०११ पासून आहे. पण ग्राहकाला घ्यायचं की नाही, हे नवी कंपनी ठरवते. त्यामुळे ज्याला कंपनी बदलायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच ती बदलता येत नाही.

गावाकडच्या मित्रमैत्रिणींशी यावर बोलले की ठरलेलं उत्तर मिळतं: स्पर्धा वाढू दे, सगळं सुधारेल. २०२५च्या अर्थसंकल्पात विमा क्षेत्रात १०० टक्के परकीय गुंतवणुकीची घोषणा झाली तेव्हाही हेच ऐकलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो दिलासा खराच. पण स्पर्धेबद्दलचं हे म्हणणं मला पटत नाही. कंपन्यांची चढाओढ कशासाठी चालते, ते आधी बघायला हवं. ज्या ग्राहकाचा खर्च त्याच्या प्रीमियममधून निघणारच नाही, त्याला टाळणं हाच नफ्याचा सर्वांत सोपा मार्ग असेल, तर दहा नव्या कंपन्या आल्या तरी त्या निरोगी माणसं वेचण्यासाठीच भांडतील. माझ्या आईसाठी कुणीच भांडणार नाही.

इथे नेदरलँड्समध्ये २००६च्या कायद्याने कंपन्या खासगीच ठेवल्या, पण नियम बदलले. मूलभूत विमा प्रत्येकाने घ्यायचा, कंपनीने कुणालाही नाकारायचं नाही, आणि एका पॉलिसीचा प्रीमियम तरुण-म्हातारे, आजारी-धडधाकट सगळ्यांना एकच. एवढ्यावर थांबले असते तर आजारी ग्राहक जास्त असलेली कंपनी बुडाली असती. म्हणून मध्ये एक निधी आहे. पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी आमचे एम्प्लॉयर त्यात भरतात. त्यातून प्रत्येक कंपनीला तिच्या ग्राहकांचं वय, नेहमीची औषधं, आधीचे आजार यांवरून अंदाज बांधून पैसे मिळतात. माझ्यासारखी बाई आली की तिच्यासोबत मोठी रक्कम येते. पंचविशीतला तरुण आला तर फार थोडी, कधी चक्क वजा, म्हणजे कंपनीच्या वाट्यातून तेवढी रक्कम कापली जाते. मग मला दारातून परत पाठवण्यात कंपनीचा फायदा राहत नाही.

डच कंपन्या मनाने चांगल्या आहेत म्हणून हे घडतं, असं अजिबात नाही. दातांसाठी वरचा ऐच्छिक विमा घ्यायला गेलं की त्यांच्यातल्याच काही कंपन्या मोठ्या पॅकेजसाठी दातांची विचारपूस सुरू करतात. तिथे नाकारायची मुभा आहे आणि तो निधी नाही. इथली घडी परिपूर्णही नाही. वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून जातात आणि प्रीमियम इथेही दरवर्षी वाढतो.

आपल्याकडे जानेवारी २०२५मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना सांगितलं, की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. हेतू चांगला आहे. पण किंमत बांधली आणि तोट्याची भरपाई कुठूनच नसली, तर कंपनीच्या हातात एकच गोष्ट उरते: नव्या ज्येष्ठांना आत न घेणं.

हे आपण एकदा पाहिलंय, ट्रकांच्या बाबतीत. थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचे, दर बांधलेले होते आणि क्लेम मोठे होते, म्हणून कंपन्या व्यावसायिक वाहनांना टाळत होत्या. तेव्हा १ एप्रिल २००७पासून सगळ्या कंपन्यांचा एक पूल, म्हणजे सामाईक निधी, केला गेला. प्रीमियम एकत्र, क्लेमही वाटून. दहशतवादी हल्ल्यांच्या विम्यासाठी असा पूल २००२पासून आहे. जोखीम वाटून घेणं आपल्याला नवीन नाही.

ट्रकांचा पूल २०१२मध्ये मोडला. तोटा शेवटी सगळ्यांतच वाटला जाणार म्हटल्यावर क्लेम नीट तपासायची कळकळ कुणाला राहणार? डच पद्धत वेगळी आहे ती इथेच. झालेला तोटा वाटायचा नाही, होऊ शकणाऱ्या खर्चाचा अंदाज आधीच देऊन टाकायचा. मग जी कंपनी रुग्णालयांशी चांगले दर ठरवेल, मधुमेह्याचा पाय वेळेवर तपासून घेईल, तिची बचत तिच्याकडेच राहील. मला हवी ती स्पर्धा ही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, भारतात विमा सक्तीचा नाही. ऑस्ट्रेलियात आणि आयर्लंडमध्येही खासगी आरोग्य विमा ऐच्छिकच आहे, तरी दोन्हीकडे जोखमीची अशी वाटणी चालते. माणसं म्हातारपणापर्यंत थांबू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियात तिशीनंतर उशीर केलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के जादा आकारतात. दुसरा आक्षेप, आपल्याकडे एवढी माहिती कुठे आहे? डच लोकांनी १९९३मध्ये सुरुवात केली ती फक्त वय आणि लिंग धरून. औषधांवरून जोखीम मोजणं २००२मध्ये आलं, आजारांच्या निदानावरून २००४मध्ये. वय तर आपल्या प्रत्येक पॉलिसीवर छापलेलं असतं.

सरकारी योजना मी मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. हा प्रश्न वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून प्रीमियम भरणाऱ्यांचा आहे. साठीपुढच्यांच्या वैयक्तिक पॉलिसींपासून सुरुवात करता येईल: सर्व कंपन्यांनी प्रीमियमचा ठरावीक हिस्सा एका निधीत टाकायचा, ज्येष्ठ ग्राहक ज्याच्याकडे त्याला त्यातून रक्कम, आणि बदल्यात पोर्ट करून येणाऱ्याला नाकारायला बंदी. तरुणांचा प्रीमियम यात थोडा वाढेल, हे मी लपवत नाही. इथे माझ्या इंजेक्शनचा भार असाच माझ्यापेक्षा तरुण सहकाऱ्यांवर पडतो, आणि त्यांच्यापैकी कुणाला उद्या काही झालं तर माझा प्रीमियम त्यांच्या कामी येईल.

आईच्या पॉलिसीचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. दादा जुन्याच कंपनीकडे पैसे भरणार आहे. मार्च चुकला तर तीही दार उघडेल याची खात्री नाही, म्हणून त्याने आत्तापासूनच फोनवर तारीख लावून ठेवलीय.