खांब उपटायची परवानगी कुणी दिली?

आज सरावाला मैदानावर गेलो तर खो-खोचे दोन्ही खांब जाग्यावर नाहीत. खालच्या सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून कंपाऊंडच्या गटारीकडेला टाकलेत. एकाचं डोकं फुटलंय. निघत नव्हता म्हणून पहारीनं हाणला असणार. मुली बघत उभ्या. एकीनं विचारलं, "टीचर, खांब कुणाला नडला ओ?"

टेनिस बॉल टूर्नामेंटला नडला. डीप मिडविकेटचा फिल्डर त्याच्यावर आपटेल म्हणून काढला, असं तिथल्या मंडपवाल्या पोरानं तोंडावर सांगितलं. त्या पोराला काय बोलणार? त्याला कुणीतरी काढ म्हटलं, त्यानं काढला. ज्यानं काढ म्हटलं त्याचा फोटो गेटवरच्या फ्लेक्सवर आहे, दहा फूट उंच, हात जोडून.

तो खांब साधा वासा नव्हता. जमिनीवर १२० सेंटिमीटर उंच, सगळीकडं सारखा गोल. सूर मारताना मुलींच्या हाताला लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून पालकांनी सुताराजवळ बसून पॉलिशपेपर मारून घेतला होता. वर्गणी काढून केलेलं काम. नगरपालिकेचा एक रुपया त्यात नाही. धावत येऊन त्या खांबाला एका हातानं धरून अंग फिरवायचं आणि पळणाऱ्या गड्याला गाठायचं, हे मुलींनी त्याच खांबावर शिकलंय. आता त्याची अशी गत.

थेट नगरपालिकेत गेले. क्लार्कचं कन्नडमधलं ठरलेलं उत्तर, "नाळे बर्री मॅडम," म्हणजे उद्या या. उद्या कशाला? आज उपटलेल्या खांबाचं उत्तर आज द्या. मग हळूच म्हणाला, "वरून फोन आला होता. आमच्या हातात काय आहे?" मैदान तुमचं, शिक्का तुमचा, भाडं तुम्ही घेणार आणि हातात काही नाही? पावसाळा संपल्यासंपल्या आमचा अर्ज दिलाय. आठवड्यातून चार संध्याकाळ, मैदानाचा एक कोपरा. पोच माझ्याकडं आहे, शिक्का आहे, सही आहे, उत्तर नाही. त्यानंतर कधीतरी टूर्नामेंटवाल्यांचं लेटरहेड गेलं आणि त्यांना सलग दोन महिने अख्खं मैदान मिळालं. परवानगीची नोटीस कुठं लावली होती म्हणून विचारलं तर ऑफिसच्या आतल्या फळ्याकडं बोट दाखवलं. जिथं मैदानावर खेळणारं एक पोर कधी पाय ठेवत नाही तिथं. गेटवर लावा ना! कन्नडमध्ये लावा, मराठीत लावा, दोन्हीत लावा, पण माणसाच्या नजरेला पडेल अशी लावा.

आणि आम्ही मागतो किती? खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर. ४३२ चौरस मीटर. आपल्या हिशोबात सव्वाचार गुंठे. मुलींची कबड्डी तर १२ बाय ८ मध्ये भागते, एक गुंठाही लागत नाही. एकरांनी पसरलेल्या मैदानात मुलींसाठी सव्वाचार गुंठे निघत नाहीत, आणि स्टेज, डीजे, व्हीआयपी सोफे, वडापावचे गाडे आणि बक्षिसाची बुलेट उभी करायचा मांडव यांना जागा कमी पडत नाही.

क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, आधीच सांगते. रोज संध्याकाळी फळी आणि तीन काठ्या घेऊन येणारी पोरं आमच्याच शेजारी खेळतात, त्यांचा बॉल आमच्यात येतो, आमच्या मुली फेकून देतात. टूर्नामेंट लागली की त्या पोरांनाही हाकललं जातं. आपल्याच गावच्या मैदानावर त्यांनी दोरीबाहेर उभं राहून बघायचं. राग आहे तो लेटरहेड बघून मैदान देणाऱ्यांवर. आणि त्या माईकवाल्यावर. रात्री अकरापर्यंत "गगनचुंबी षटकार" म्हणून किंचाळत असतो. आसपासच्या घरांत एसएसएलसीची, म्हणजे दहावीची मुलं अभ्यासाला बसलेली असतात, याचं कुणाला काही पडलेलं नाही.

"पावसाळ्यात खेळा की मॅडम, तेव्हा मोकळंच असतंय," असंही ऐकवून झालं. जून ते सप्टेंबर आपल्या बेळगाव भागात मैदानाचं काय होतं हे निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणालाही विचारा. घोट्याएवढा चिखल. कोरडे महिने तेवढेच सरावाचे, आणि नेमके तेच वाटून टाकले जातात. डिसेंबरात लग्नांचे मंडप, जानेवारीत कुणाचं तरी प्रदर्शन, मग टूर्नामेंट, मग पुन्हा लग्नं. मंडपवाले जाताना खड्डे तसेच ठेवतात, खिळे मातीत सोडतात. गेल्या मोसमात एका मुलीच्या टाचेत इंचभर खिळा गेला. डिपॉझिट कशासाठी घेता? आजवर कुणाचं डिपॉझिट जप्त केलंय का, एक तरी नाव सांगा.

ओपन जिमचं तर बोलायलाच नको. व्यायामाची ती लोखंडी यंत्रं कडेला बसवता आली असती. बसवली कुठं, तर आमची मधली पाटी, म्हणजे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा पट्टा, आखायची त्या जागी. दोन यंत्रं मोडलीत, उरलेल्यांवर लोक टॉवेल वाळत घालतात. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मुलींच्या ओरडण्याचा त्रास होतो म्हणून तक्रार गेली होती. खो म्हणताना आवाज काढायचाच असतो काका, मुक्यानं खो देता येत नाही.

मग सल्ला येतो, "पहाटे सहाला या." माझ्या निम्म्या मुली आसपासच्या खेड्यांतून येतात. जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना आली, बायका-मुलींना सरकारी बस फुकट झाली, म्हणून तर घरच्यांनी पाठवायला सुरुवात केली. आधी रोजच्या तिकिटावरच अडायचं. एका सरकारी योजनेनं ज्या मुली मैदानापर्यंत आल्या त्यांना दुसरं सरकारी ऑफिस गेटवरून परत पाठवतंय. पहाटे सहाला त्यांच्या गावातून बसच नाही, ती काय मी आणू?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं. प्रियांका इंगळे कर्णधार, आपल्या कर्नाटकची बी. चैत्रा संघात. दुसऱ्या दिवशी गावात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले आणि त्यावर खेळाडूंपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते. माझ्या मुलींनी त्या फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढले होते. त्यातल्याच एका हसऱ्या चेहऱ्याच्या नावानं ही टूर्नामेंट चाललीय.

सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल. मैदानाचं वेळापत्रक लावायला कुठलं कोर्ट लागतंय? माझ्या संघात मराठी शाळेच्या मुली आहेत, कन्नड शाळेच्या आहेत, उर्दू शाळेच्या आहेत. त्यांची आपसात कधी भांडणं झाली तर कोण आधी पळणार यावरून. भाषेच्या नावानं भाषणं ठोकणारे दोन्हीकडचे लोक याच मैदानावर सभा घेऊन जातात. या मुलींसाठी एक ओळीचं पत्र त्यातल्या कुणीही दिलेलं नाही.

कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपायचा कायदा १९८५ चा आहे. चाळीस वर्षं झाली. क्लार्कला सांगितला तर म्हणाला, "असेल की."

आज संध्याकाळी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. आपल्या राज्यात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, म्हणून राग बाजूला ठेवून नेमकं तेवढंच विचारलंय. मागच्या वर्षभरात मैदान कुणाकुणाला दिलं, अर्जाची तारीख काय, मंजुरीची तारीख काय, भाडं किती, डिपॉझिट किती, परत किती केलं, आणि आमचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे. खांब काढण्याच्या लेखी आदेशाची प्रत हवी म्हणून वेगळा अर्ज केलाय. दहा-दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डर जोडल्यात. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. आलं की जसंच्या तसं इथं टाकते. ज्यांच्या गावात हेच चाललंय त्यांनी अर्जाचा मजकूर मागून घ्या, गावाचं नाव बदला आणि घाला.