तुरा दाखव रे बाबा

मोर, पोपट, खंड्या ओळखणाऱ्यांचं मला काही कौतुक नाही, रंग दिसला की विषय संपला. इकडं आमच्या सोलापुरात या, नान्नजच्या माळावर उन्हात उभं राहा आणि ढेकूळ कुठलं नि पक्षी कुठला तेवढं सांगा. लोक माळढोक बघायला येतात, तो काय सहजासहजी दिसत नाही, मग उरतो चंडोल, चिमणीएवढा मातकट पक्षी. तो पायाजवळच असतो अन् तरी दिसत नाही.

बरं चंडोल एकाच जातीचा असता तर चाललं असतं. तुरा असला तर दख्खनी चंडोल, पण वारं सुटलं की तुरा डोक्याला चिकटून बसतो आणि सोलापुरात माळावर वारं कधी नसतं? या पक्ष्याचं वर्णन कर्नल साईक्स साहेबानं १८३२ साली लिहिलं. त्या काळचं काम सोपं होतं, आधी बंदूक, मग वर्णन. आपल्याकडं हप्त्यावरची दुर्बीण.

तुरा नाही, पंखात तांबूस रंग आहे आणि झुडपावरनं वर उडून पंख पसरून पॅराशूटसारखा खाली येतोय तर माळचंडोल, पण तो तांबूस रंग दिसतो उडताना, बसला की परत माती. शेपटी तांबूस आणि टोकाला काळी पट्टी असली तर अजून तिसराच कोणतरी. डोंबारी नावाच्या चंडोलाचा नर तेवढा भला माणूस, पोट काळंभोर, डोकं राखाडी, लांबनं कळतो. मादी मात्र साधी मातकट. आमच्या हिनं मी काढलेला फोटो बघून एका सेकंदात निकाल दिला, "अहो, चिमणी आहे ती, चहा घ्या."

मी हट्टानं फोटो पुण्याच्या जाणकार मित्राला पाठवला. त्यानं विचारलं, छातीवरच्या रेघा बारीक आहेत का जाड? पोट तांबूस आहे का? शेपटी उघडलेला फोटो? मागच्या बोटाची नखी? अरे, पक्षी ओळखायचाय का त्याचा पासपोर्ट काढायचाय! शेवटी म्हणाला, आवाज पाठव. पाठवला, त्यात मेंढ्या, वारं, हायवेवरचा ट्रक आणि मधे कुठंतरी चंडोल.

बऱ्याच वेळानं रिप्लाय आला, "चंडोलाचं नक्की सांगता येत नाही, पण मागं जो ओरडतोय तो तित्तीर, शंभर टक्के."