नळाला चहा आला!

चार दिवसांनी पहाटे पावणेपाचला नळाला पाणी आलं. पहिली बादली थेट चहाच्या रंगाची, वास गटाराचा. फोन केला तर ठरलेलं उत्तर: "पावसाळा आहे, उकळून प्या." अहो, उकळून गाळ जातो का? भारतीय मानक सांगतं, गढूळपणा फार तर १ एनटीयू (तो मोजायचं एकक), अगदीच नाइलाज असेल तर ५. इथे बादलीचा तळ दिसत नाही! चार-चार दिवस रिकामी पडलेली पाइपलाइन फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढते, हे शाळकरी पोरालाही कळेल. कधी टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, नुसता भपकारा, कधी क्लोरीनचा पत्ताच नाही. तुरटी फिरवून हात दुखले. पाणीपट्टीचं बिल तेवढं स्वच्छ आणि वेळेवर येतं. जारवाल्याने भाव वाढवलाय, ते वेगळंच.