ओठ हलवण्यापेक्षा थेट गाऊ द्या

वेल्समधल्या पुरुष गायकवृंदातल्या एका गायकाने लिहिलेला टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणाचा अनुभव वाचला, फार आवडला. पण आधी आवाज मुद्रित करायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर त्यावर नुसते ओठ हलवायचे, हे वाचून वाईट वाटलं. या मंडळींची खरी ताकद एकत्र श्वास घेण्यात आहे. पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन, बास असे उंच आवाजापासून खर्जापर्यंतचे चार थर, आणि बरीचशी गाणी तोंडपाठ! दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातले खाणकामगार चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनागृहात, टॉनिक सोल-फा या सोप्या स्वरलिपीवरून हे गाणं शिकले. याच खोऱ्यातल्या ट्रेओर्की गावच्या गायकवृंदाचं मूळ तर १८८३ सालचं. खाणी बंद झाल्या, गाणं टिकलं.

तरीही टीव्हीला नाकं मुरडू नयेत. २००८ मध्ये बीबीसीच्या 'लास्ट क्वायर स्टँडिंग' स्पर्धेत कार्डिफचा 'ओन्ली मेन अलाउड' हा पुरुष गायकवृंद जिंकला, तेव्हा असं गाणं हा काही फक्त आजोबांचा छंद नाही हे लाखो घरांत दिसलं. निर्मात्यांना एवढीच विनंती: प्रत्येक भागात एक तरी गाणं चॅपलमध्ये, न तोडता, थेट मुद्रित करा. चूक झाली तर होऊ द्या.