शिक्का नाही, म्हणून आजीची अंगठी खोटी ठरत नाही

‘जुन्या अंगठीवर ९१६ नसेल तर ती सोन्याची नाही, असेल तर हमखास २२ कॅरेट. शंका आली तर लोहचुंबक लावा किंवा व्हिनेगर टाका.’ हा संदेश घरोघरी फिरतोय (९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं). त्याच्या नादाने चांगले दागिने मोडीत जातात, म्हणून हे सविस्तर.

आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धता तपासून शिक्का मारणं, २०००मध्ये सुरू झालं आणि सक्ती आली जून २०२१मध्ये, तीही आधी २५६ जिल्ह्यांत. साठ वर्षांपूर्वीच्या वेढ्यावर तो शिक्का येणार कुठून? शिवाय १९६३च्या सरकारी सुवर्ण नियंत्रण नियमांत १४ कॅरेटपेक्षा चोख दागिने घडवायला बंदी होती; ती १९६६मध्ये उठली. त्या काळातली अंगठी १४ कॅरेट निघाली तर सोनाराने फसवलं असं लगेच म्हणू नका.

उलट, नुसता ९१६ आकडा कुणीही ठोकू शकतो. ‘केडीएम’ म्हणजे तर सांधे जोडायचा कॅडमियमचा डाख, शुद्धतेची खूण नव्हेच. दहापट भिंगाखाली बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण शोधा. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासा.

चुंबकाला तांबं, पितळ, चांदीही चिकटत नाही. व्हिनेगरने जाड मुलामा असलेल्या पितळेचं काही बिघडत नाही. खडा मोती किंवा पोवळ्याचा असेल तर मात्र तोच खराब होतो.

घरी करण्याजोगी खरी परीक्षा वजनाची. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर अंगठी तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि अंगठी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, अशी धरा. समजा अंगठी ४.४५ ग्रॅमची आहे आणि आता काटा ०.२५ दाखवतो: ४.४५ला ०.२५ने भागलं की घनता १७.८ येते, म्हणजे २२ कॅरेटच्या आसपास. तेवढ्याच वजनाची पितळी अंगठी ०.५२च्या जवळ दाखवेल. बुडबुडा चिकटला तर उत्तर कमी येतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घाला. काट्याची चूक ०.०१ धरली तरी उत्तर १७.१ ते १८.५ असं हलतं. २० की २२ कॅरेट हे यावरून ठरवू नका. खड्याच्या किंवा आत लाख भरलेल्या अंगठीला ही रीत चालत नाही.

नेमका कस हवा असेल तर हॉलमार्किंग केंद्रात जा. तिथलं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, म्हणून तळहाताच्या बाजूला, जिथे कडी झिजलेली असते तिथलंही माप घ्यायला सांगा. मुलामा असेल तर तो तिथेच आधी उघडा पडतो.