उपराष्ट्रपती राष्ट्रपतींची उरलेली मुदत पूर्ण करत नाहीत
लेख चांगला आहे, पण ‘राष्ट्रपतींचं निधन झाल्यास उपराष्ट्रपती उरलेला कार्यकाळ पूर्ण करतात’ हे वाक्य साफ चूक आहे. ती रीत अमेरिकेची. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर उपाध्यक्ष जॉन्सन लगेच पूर्ण राष्ट्राध्यक्ष झाले, तसं आपल्याकडे होत नाही. आपले उपराष्ट्रपती फक्त कार्यवाहक असतात. सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षं मिळतात. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो. दर बॅचला निम्मी मुलं हेच चुकीचं उत्तर ठोकून देतात, आता कळलं कुठून येतं ते!

१९६९चं उदाहरण तरी द्यायला हवं होतं. राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक झाले, मग स्वतःच निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदं रिकामी! शेवटी सरन्यायाधीश हिदायतुल्ला (आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी) महिनाभर राष्ट्रपती भवनात. आणि कार्यवाहक म्हणजे नुसता सह्याजीराव, असंही नाही. १९७७मध्ये नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही करायला तेव्हाचे कार्यवाहक राष्ट्रपती बी. डी. जत्तींनी आधी टाळाटाळच केली होती.